खिडकीकडची खाट

तुक्या, काल दुपारी जेवण करून जरा आडवा झालो आणि वाळ्याच्या पडद्यांवर पुन्हा पाणी पडायला लागलं. आमच्या अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या घरात आता वाळ्याचे पडदे कुठले, कूलर आहे आणि त्याचा पंप टपटपत असतो. पण डोळा लागता लागता त्या आवाजाने मला सरळ लहानपणीच्या दवाखान्यात, आपल्या वॉर्डात नेऊन सोडलं. उंच छत, अर्ध्यापर्यंत हिरवी रंगवलेली भिंत, प्रत्येक दाराला पडदा आणि बाहेरून त्याच्यावर पाणी मारणारा माणूस, ज्याचे फक्त पाय दिसायचे. मी खिडकीकडच्या खाटेवर, तू माझ्या डाव्या हाताला. तू मान वळवून विचारलंस, "पंडत, सो गया क्या?" मी नाही म्हणालो आणि त्या नाही म्हणण्यानेच जागा झालो.

जाग आल्यावर थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग आठवलं की परवाच तुझ्या तेराव्याचं जेवून हातोदहून परत आलो आहे.

तिथे जे झालं ते तुला सांगायचं आहे. मी नेहमीप्रमाणे आधी गावभर फिरून येणार हे तुला ठाऊक आहे. "पंडत, मुद्द्यावर ये ना यार," असं म्हणायला आता तू नाहीस, तेव्हा ऐकून घे.

तेराव्याला पंगतीत तुझ्या बियाण्याच्या दुकानाशेजारचे पाटीदार माझ्याजवळ बसले होते. त्यांनी विचारलं, "तुमची यांची ओळख कुठली भिया?" मी म्हणालो, "शाळेतली." आयुष्यभर हेच सांगत आलो ना आपण. तू हातोदच्या शाळेत, मी इंदूरच्या, मध्ये एवढा रस्ता, तरी कधी कोणी विचारलं नाही की शाळा नेमकी कोणती. खोटं सांगणाऱ्याचा चेहरा सरळ असला की लोक पुढचा घास घेतात. पाटीदारांनीही घेतला.

खरी शाळा तो वॉर्ड. तेव्हा मध्यभारत सरकार होतं. उन्हाळा आला की ग्वाल्हेरच्या कचेऱ्या बाडबिस्तरा घेऊन इंदूरला यायच्या आणि माझे वडील त्या गडबडीत सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर परतायचे. होळकर दरबारची कारकुनी करता करता ते नव्या सरकारचे कारकून झाले होते आणि कोणाला किती वाकून नमस्कार करायचा याचा त्यांना अजून अंदाज आला नव्हता. त्यामुळे दवाखान्यात माझ्यापाशी आई असायची. तुझ्यापाशी तुझे वडील. मोठा फेटा, मोठ्या मिशा, आणि वॉर्डात शिरताना जोडे हातात घेऊन येणारे.

आपल्या दोघांनाही जन्मापासून एकच खोट होती. लघवीचं तोंड जिथे टोकाशी असायला हवं तिथे नव्हतं, बरंच मागे, खालच्या अंगाला होतं. धार पुढे जायची नाही, खाली पायांवर यायची. एवढीच गोष्ट. आज इतक्या सरळ लिहितो आहे, पण हे वाक्य मोठ्याने म्हणायला आपल्याला केवढी वर्षं लागली.

तुझ्या घरी ते लवकर कळलं. तुझे पणजे-खापरपणजे होळकरांच्या फौजेतले, तुमच्याकडे पुरुषमाणूस शेताच्या बांधावर उभा राहून मोकळा व्हायचा. तू उभा राहिलास आणि चड्डी भिजवून घेतलीस, त्याच दिवशी घरात कळलं. माझं मात्र शाळेत जाईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे आजोबा, वडील, काका, सगळे जानवं कानाला गुंडाळून बसूनच लघवी करणारे. मीही बसायचो, मला दुसरा इलाजच नव्हता. आजोबा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "मुंज व्हायची आहे अजून, पण पोराला वळण बघा." पुढे शाळेत मुलं भिंतीपाशी ओळीने उभी राहिली आणि मी ओला होऊन रडत घरी आलो, तेव्हा आईने पहिल्यांदा नीट पाहिलं. "माझ्या घरी रोग सापडला आणि पंडताच्या घरी त्याचे संस्कार झाले." हे वाक्य तू पुढे इतक्या वेळा ऐकवलंस की मला ते माझंच वाटायला लागलं.

आजोबांनी वळणाचं कौतुक मागे घेतलं नाही, पण मुंज पुढे ढकलली. सगळ्या मांडवासमोर लंगोटी नेसवून पोराला उभं करायचं, आणि कोणाची नजर गेली तर? आई रात्रंदिवस तेच बोलायची. मला मुंजीचं काही नव्हतं, मला भिंतीपाशी उभं राहायचं होतं.

डॉक्टरांनी दोघांच्या घरी एकच सांगितलं होतं. आधी इंद्रियाचं वाकडेपण सरळ करायचं, मग काही महिने थांबून तिथल्याच कातडीतून लघवीची नवी वाट तयार करायची. पहिलं ऑपरेशन आपलं वेगवेगळं झालं. दुसऱ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण शेजारी शेजारी आलो. तू मला पहिल्याच दिवशी विचारलंस, "तुलाही तेच?" मी मान हलवली. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला सुख म्हणायला हरकत नाही. तोवर मला वाटत होतं की सबंध जगात असा मी एकटाच आहे.

ईथरची जाळी तोंडावर ठेवली तेव्हा मला पाणी दिसलं. खूप मोठं, पलीकडचा काठ न दिसणारं, त्यावर पांढरे पक्षी बसलेले आणि कुठेही आवाज नाही. मी त्या पाण्यात उभा होतो आणि पाय कोरडे होते. शुद्धीवर आल्यावर तुला सांगितलं तर तू म्हणालास, "ते माझं स्वप्न आहे. ते आमचं यशवंतसागर आहे." मी तोवर यशवंतसागर पाहिलेलं नव्हतं. मोठेपणी तू मला सायकलवर बसवून तिथे घेऊन गेलास आणि काठावर उभा राहून म्हणालास, "बघ, चोरलंस की नाही?" पाणी तेच होतं. पक्षीही तेच. तुझं म्हणणं, तू ऑपरेशनच्या आधी मला त्या तलावाचं सांगितलं होतंस म्हणून मला दिसलं. माझं म्हणणं, मी पाहिलं आणि मग तू सांगितलंस. हा वाद मिटला नाही. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागेल.

दुसरा वाद मण्यांचा. टाके कातडीत रुतू नयेत म्हणून प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक बारीक काचेचा मणी बांधायची विलायतेची नवी रीत होती. विलायतेचे मणी काही इंदूरला मिळेनात. तेव्हा डॉक्टरांनी राजवाड्यामागच्या पटव्याकडून मणी मागवले. बायका जिथे मंगळसूत्राची पोत ओवून घ्यायला बसतात, तिथून. सिस्टरने ते खळखळ उकळले आणि आपल्याला लावले. आईला हे कळल्यावर तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तू म्हणायचास मणी लाल होते. मी म्हणायचो निळे. पन्नाशी उलटली तरी आपण चहाच्या टपरीवर यावरून भांडायचो आणि टपरीवाल्याला वाटायचं की आपण जवाहिरे आहोत.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते तंबू. जखमेला चादर लागू नये म्हणून कमरेवर लोखंडी कमान ठेवायचे आणि तिच्यावर चादर. दोन खाटांवर दोन पांढरे तंबू. लघवी जखमेकडे जाऊ नये म्हणून खालून वेगळी नळी काढली होती, ती खाटेखालच्या बाटलीत टपटपायची. हलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, फक्त पडून राहायचं. तू तुझ्या तंबूत होळकरांची फौज उतरवलीस. मला फौज नव्हती, म्हणून तू तुझ्यातले शंभर घोडेस्वार मला उसने दिलेस. दुपारभर पडद्यांतून ओला वारा यायचा, भिंतीवर पाण्याचा उजेड हलायचा आणि आपण हलक्या आवाजात घोड्यांना पाणी दाखवायचो. दुखत होतं, खूप दुखत होतं. तरी मला विचारशील तर माझ्या लहानपणी इतकं शांत दुसरं काही नव्हतं.

मग नळी निघाली आणि डॉक्टर आपल्याला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले. भिंतीपाशी उभं केलं. म्हणाले, "हं, आता बघू." आई आणि तुझे वडील दोघेही पाठ फिरवून उभे राहिले. माझी एक धार निघाली आणि समोर भिंतीवर जाऊन पडली. मी पाहतच राहिलो. माझ्यापासून निघून काहीतरी पुढे गेलं होतं, पायांवर आलं नव्हतं. तुझ्या मात्र दोन निघाल्या, एक पुढे आणि एक बारीकशी बाजूने. शिवणीत एक भोक राहिलं होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. तू खाली पाहिलंस, वर पाहिलंस आणि म्हणालास, "दादा, दुनाली बंदूक." तुझे वडील वळले. एवढा मिशांचा माणूस, व्हरांड्यात मटकन खाली बसला आणि हसत हसत रडायला लागला.

ते भोक पुन्हा शिवायचं होतं म्हणून तुला ठेवून घेतलं आणि मला घरी सोडलं. मी निघताना तू भिंतीकडे तोंड करून पडलास. मी म्हणालो, "तुक्या, येतो."  पुढच्या आठवड्यात आई मला टांग्यातून भेटायला घेऊन आली तेव्हा माझी खाट तशीच रिकामी होती. वॉर्ड भरलेला, खाली जमिनीवरही पेशंट होते, आणि ती एक खाट मोकळी. सिस्टर वैतागून म्हणाली, या मुलाने सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की खिडकीकडच्या खाटेत ढेकूण आहेत. तू डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडला होतास.

त्याच दिवशी तुझ्या वडिलांनी आपल्याला शपथ घातली. म्हणाले, "पोरांनो, कोणी विचारलं तर हर्नियाचं ऑपरेशन. आगे-पीछे काही नाही. उद्या लग्नं व्हायची आहेत. याद राहील?" आपण दोघांनी माना डोलावल्या. नंतर हर्निया आपोआप गळून पडला आणि शाळा आली. इकडे घरी मी भिंत शोधून उभा राहिलो, तर आजोबांनी खांद्याला धरून बसवलं. डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय, असं आई म्हणाली तर ते म्हणाले, डॉक्टरांकडे गेला की उभा राहील. माझी मुंज झाली, लंगोटी नेसून मांडवात उभा राहिलो, आणि कोणीच काही पाहिलं नाही. लोक जेवणाकडे पाहत होते.

मी माझ्या बायकोला लग्नानंतर सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच?" आणि कुकर लावायला गेली. तू वहिनींना कधीच सांगितलं नाहीस. मी म्हणायचो सांग, तू म्हणायचास गरज काय. खरंच गरज नव्हती. तुला मूल उशिरा झालं, पण झालं. अजय मोठा झाला, त्याचं लग्न झालं, रश्मी घरात आली. मग कान्हा जन्मला आणि गरज पडली.

तू मला फोन केला होतास. म्हणालास, "पंडत, पोराला आपलीच बिमारी आहे."  मला वाटलं होतं आता तू घरात बोलशील. आता ऑपरेशन सोपं आहे, एकाच खेपेत होतं, मूल लहान असतानाच करतात, काही आठवतही नाही त्याला. पण तुझ्या घरात दुसरंच सुरू झालं. वहिनींना आठवलं की रश्मी पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं आणि त्या दिवशी तिने सुरीने आंबा कापला होता. झालं. तो आंबा त्या घरातून हलेना. येणारी जाणारी बाई त्या आंब्याबद्दल विचारू लागली. रश्मीने माहेरी फोन करणं बंद केलं. डॉक्टर म्हणत होते आता उशीर करू नका, आणि घरात चर्चा आंब्याची. आणि तू, तुला माहीत होतं की हे तुझ्या रक्तातून आलं असणार, तू दुकानात बसून सोयाबीनचं बी मोजत होतास.

मी तुझ्यावर फार रागावलो होतो, तुक्या. शेवटचं आपण भेटलो ते अन्नपूर्णेच्या देवळाबाहेरच्या बाकावर. मी म्हणालो, "ती पोरगी तुझ्या वाट्याचं ओझं वाहते आहे." तू म्हणालास, "बोलीन रे, टाइम येऊ दे." मी म्हणालो, "तुला बोलायचं नसेल तर मी जाऊन सांगतो." तेव्हा तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला वॉर्डात माझ्याकडे केलेली ती पाठ आठवली. तू म्हणालास, "तू सांगशील तर तुझंही सांगावं लागेल. तुझी पोरं, तुझे जावई, सगळ्यांना कळेल. तुझी इज्जत माझ्या घराच्या झगड्यात कशाला?" मी म्हणालो माझ्या इज्जतीचं मी बघतो. तू उठून बस पकडायला गेलास. मी हाक मारली नाही. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात येईलच तणतणत. त्याच्या आतच अजयचा फोन आला.

त्यामुळे तेराव्याला मी हातोदला आलो तो ठरवून आलो होतो. शपथ तुझ्या वडिलांनी घातली होती, तेही गेले आणि तूही गेलास. मोडायला मी एकटाच उरलो होतो. पंगती उठल्या, भांडी घासायला गेली, तेव्हा मागच्या पडवीत रश्मी एकटी गहू चाळत बसलेली दिसली. मी तिच्यासमोर पाटावर बसलो.  या वयात मला असं वाटत होतं की पुन्हा कोणीतरी मला व्हरांड्यात नेऊन उभं केलं आहे.

मी म्हणालो, "बेटा, कान्ह्याबद्दल तुला काही सांगायचं आहे. तुक्याचं."

ती चाळण थांबवून म्हणाली, "बाबांनी सांगितलं मला, काकाजी."

 ती सांगत राहिली. इंदूरहून बसने आलास त्याच संध्याकाळी तू तिच्याजवळ पडवीत येऊन बसलास, तिच्या हातातली चाळण घेतलीस आणि गहू चाळत चाळत सगळं सांगितलंस. दवाखाना, ऑपरेशनं, दुनाली बंदूक. मग वहिनींना आतून हाक मारलीस आणि म्हणालास, "ग्रहण-ब्रहण काही नाही. आंबा-बिंबा काही नाही. पोराला हे माझ्याकडून आलंय. आजपासून सुनेला कोणी एक शब्द बोलायचं नाही." वहिनी दारातूनच म्हणाल्या, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलं?" तू म्हणालास, "लाज वाटायची." रश्मी म्हणाली, "काकाजी, बाबा असं म्हणाले आणि आई खाली बसून त्यांच्याबरोबर गहू निवडायला लागल्या." कान्ह्याच्या ऑपरेशनचा दिवसही तूच डॉक्टरांशी बोलून ठरवून टाकला होतास. तो आता पुढे ढकलायचा नाही, असं वहिनीच म्हणाल्या.

मी तुला बाकावर काय काय बोललो होतो, तुक्या. आणि तू बसमधून उतरून सरळ पडवीत गेलास.

"त्या टाक्यांना मणी लावायचे म्हणे, काचेचे," रश्मी सांगत होती. "निळे." मी विचारलं, "निळे म्हणाला?" ती म्हणाली, "हो, दोनदा म्हणाले. निळे."

मला हसू आलं आणि ते हसणं मध्येच कुठेतरी भलत्याच वाटेने गेलं. तोवर वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. रश्मीने माझ्याकडे पाहिलं नाही, कान तुटलेला कप बाजूला काढत ती म्हणाली, "फार एकटं वाटलं असणार हो त्यांना. एवढंसं पोर. मी विचारलं, बाबा, तुमच्यासारखा दुसरा कोणी नव्हता का तिथे? तर म्हणाले, नाही, मी एकटाच. म्हणाले, शेजारी खिडकीकडे एक खाट होती, ती रिकामीच असायची."

कूलरचं पाणी आता संपलं आहे, मघापासून नुसता पंखा फिरतो आहे. उठून पाणी भरायला हवं. पण तुला सांगून होईपर्यंत उठणार नाही.

मी कप खाली ठेवला. वहिनींकडे पाहिलं, त्यांनी मला आयुष्यभर तुझा शाळेतला मित्र म्हणून जेवू घातलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, ती खाट आधी रिकामी नव्हती. त्या खाटेवर मी होतो."